पिशवी दिसते, आतलं दिसत नाही

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जपानी व्हिडिओ गेमांमधल्या 'अचानक' येणाऱ्या प्रसंगांवर मी दोन पानं लिहिली होती. खेळता खेळता एकदम काहीतरी उगवतं, सापडतं, अंगावर येतं, त्याबद्दल. मी पुण्यात जपानी शिकवते. भाषांतरांवर घर चालतं आणि त्यातली बरीच कामं गेमांचीच असतात. त्यामुळे पत्रं आली ती मलाच झेलायची होती. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : माझी नात स्विच या गेमयंत्रावर 'ॲनिमल क्रॉसिंग' खेळते. फेब्रुवारी लागला की त्यातल्या दुकानात भाजलेले सोयाबीनचे दाणे येतात, एप्रिलमध्ये झाडं गुलाबी होतात, ऑगस्टमध्ये दर रविवारी आतषबाजी. ती म्हणते, "आजी, सरप्राइज!" मला तर हे पंचांगासारखं वाटतं. सरप्राइज म्हणायचं की सण? — निवृत्त शिक्षिका, नाशिक

बाई, तुमचंही बरोबर आणि नातीचंही. तारीख पंचांगासारखी बांधलेली असते, पण त्या तारखेला पुढ्यात नेमकं काय पडणार हे ठाऊक नसतं. जपानी गेमांतल्या अचानकपणाबद्दल मला जे म्हणायचंय ते बरंचसं यातच आलं. केव्हा आणि कुठे ते आधीच कळवायचं, काय ते मात्र झाकून ठेवायचं.

ते दाणे सेत्सुबुनचे. जुन्या कालगणनेप्रमाणे वसंत लागण्याचा आदला दिवस, बहुधा ३ फेब्रुवारी. खगोलाच्या हिशेबाने तो कधी सरकतो. २०२१ साली तो १२४ वर्षांनी पहिल्यांदा २ तारखेला आला आणि जपानी वर्तमानपत्रांनी त्याचीही बातमी केली. घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा बाबा, राक्षसाचा कागदी मुखवटा घालून दारात येतो. पोरं "राक्षस बाहेर, भाग्य आत" असं ओरडत त्याच्यावर भाजलेले दाणे फेकतात. मग जितकं वय तितके दाणे खायचे. राक्षस येणार हे पोरांना ठाऊक असतं, मुखवट्यामागे बाबा आहेत हेही ठाऊक असतं. तरी दार सरकलं की किंचाळतात. ओसाकाला मी एका कुटुंबात राहत होते, तिथला धाकटा तर आदल्या दिवसापासून दाराकडे बघत बसला होता. दाणे सोफ्याखाली गेले ते मार्चपर्यंत निघत होते.

'ॲनिमल क्रॉसिंग' पहिल्यांदा आला एप्रिल २००१ मध्ये, निन्टेन्डो ६४ या यंत्रावर, फक्त जपानात. कल्पना कात्सुया एगुची यांची. ते तोक्योजवळच्या चिबाचे. नोकरीसाठी क्योतोला आले, घरचे आणि मित्र मागे राहिले. एकटेपणाच्या त्या दिवसांतून हा खेळ सुचला असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. कामावरून रात्री उशिरा घरी येणारा बाप आणि लवकर झोपणारी मुलं एकाच गावात खेळू शकली पाहिजेत, एकाने ठेवलेली वस्तू किंवा चिठ्ठी दुसऱ्याला नंतर सापडली पाहिजे, अशी ती रचना. म्हणून खेळाच्या पट्टीतच, म्हणजे यंत्रात खोचायच्या कार्ट्रिजमध्येच, घड्याळ बसवलं. घड्याळ खरं झाल्यावर सण आपोआप खरे होतात.

गुलाबी झाडं म्हणजे साकुराचा बहर. नव्या आवृत्तीत तो १ ते १० एप्रिल एवढाच टिकतो आणि त्या काळात आकाशातून फुग्याला बांधलेल्या भेटी येतात. गलोलीने फुगा फोडायचा. २०२० साली मात्र गंमत झाली. १ ते १२ एप्रिल ईस्टरचा ससाही खेळात आला आणि जिकडेतिकडे रंगीत अंडी. फुगा फोडला की अंडं, मासा धरला की अंडं. साकुराच्या भेटी मिळवायला बसलेली मंडळी इतकी वैतागली की कंपनीला अंड्यांचं प्रमाण कमी करावं लागलं. पाहुण्या सणाने घरच्या सणाची जागा अडवली, दुसरं काय!

नाशकात एप्रिलमध्ये बाहेर रणरणतं ऊन आणि पडद्यावर साकुरा, हे विचित्र दिसतं खरं. खेळाच्या सुरुवातीला उत्तर गोलार्ध की दक्षिण एवढंच विचारतात. पावसाळा, उन्हाळा असं विचारणारं कुणी अजून भेटलेलं नाही.

प्रश्न : आमच्या वर्गातला एक जण छातीठोकपणे सांगतो, की पहिल्या पोकेमॉनमध्ये जहाजाजवळ जो ट्रक उभा आहे त्याच्याखाली म्यू नावाचा दुर्मीळ पोकेमॉन सापडतो. खरं आहे का? आणि म्यू मुद्दाम लपवला होता का? — दहावीतला वाचक, ठाणे

ट्रकखाली काही नाही. ही थाप तुझ्या जन्माच्या आधीपासून जगभर फिरतेय, त्यामुळे मित्राला दोष देऊ नकोस. ट्रक मात्र खरा आहे. २००४ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने त्या ट्रकजवळ एक खाऊ लपवून ठेवला. इतकी वर्षं तिथे घिरट्या घालणाऱ्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायला त्यांनाही बरं वाटलं नसावं.

म्यूची खरी गोष्ट थापेपेक्षा चांगली आहे. पहिला पोकेमॉन जपानात २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आला. गेमबॉयच्या त्या पट्टीत जागा किती टिचभर! काम संपत आल्यावर चुका शोधण्यासाठी ठेवलेली हत्यारं काढून टाकली, तेव्हा जेमतेम ३०० बाइट मोकळे झाले. शिगेकी मोरिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरने तेवढ्यात म्यूला बसवला. तो लोकांना दिसावा असा बेत नव्हता. पण खेळातल्या एका गफलतीमुळे काहींना तो दिसला, कुजबुज सुरू झाली, आणि मग कंपनीने 'कोरोकोरो' या मुलांच्या मासिकात जाहीर केलं की २० जणांना म्यू देणार. अर्ज आले सुमारे ७८,०००.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी कंपनी काढण्याआधी काय करत होते माहीत आहे? १९८३ पासून 'गेम फ्रीक' नावाचं घरगुती मासिक काढत होते, आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या दुकानांतल्या, खेळांच्या खुब्या सांगणारं. ती सगळी पिढीच खुब्यांच्या नादाची. १९८४ साली नाम्को कंपनीचा 'टॉवर ऑफ ड्रुआगा' आला. मासानोबु एन्दो यांनी रचलेला, ६० मजल्यांचा बुरूज. जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक पेटी लपलेली, आणि ती कशी उघडेल याची कुठेही सूचना नाही. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे गोळे मारले की तांब्याची कुदळ मिळते, हे सोपं. पुढे पुढे एकट्याच्या डोक्याबाहेरचं. मग आर्केडवाल्यांनी काउंटरवर वही ठेवली. आज मी बाराव्या मजल्यावर हे करून पाहिलं, असं एकाने लिहायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने त्याखाली भर घालायची. नाणी प्रत्येकाची आपापली, शोध सगळ्यांचा.

पुढे 'फॅमिली कम्प्युटर मॅगझिन' नावाच्या नियतकालिकाने याच्यावर कडी केली. खुब्यांच्या पानावर एखादी खोटी खुबी मुद्दाम घुसडायची आणि ती ओळखणाऱ्याला बक्षीस. म्हणजे तुझा वर्गमित्र चुकीच्या देशात जन्मला म्हण.

लपवण्याची ही तऱ्हा सणांच्या तऱ्हेच्या नेमकी उलटी आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. सणात तारीख तरी कळते. इथे लपवलंय हेच कळू द्यायचं नाही. सहाशे वर्षांपूर्वी 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा थोर नट झेआमी याने आपल्या वारसांसाठी लिहून ठेवलंय, की प्रेक्षकाला नवल वाटतं ते अनपेक्षिततेमुळे. आपल्यापाशी काही गुपित आहे एवढंही बाहेर कळलं तर लोक वाट पाहू लागतात आणि निम्मं नवल तिथेच संपतं. शत्रूला गाफील ठेवून जिंकणाऱ्या सेनापतीचा दाखला त्याने दिलाय. मोरिमोतोंनी झेआमी वाचून म्यू बसवला असं मी म्हणणार नाही. पण जपानी प्रेक्षकाला हा हिशेब नवा नव्हता.

कंपनी मात्र शहाणी. १९९९ च्या पुढच्या खेळात वेगळ्या रंगाचे पोकेमॉन आले. ते दिसण्याची शक्यता ८,१९२ मध्ये १. इतकी दुर्मीळ गोष्ट आहे हे कळायलाच एखाद्याचं बालपण सरायचं. म्हणून एका तळ्यात लाल रंगाचा ग्याराडोस ठेवला, तो प्रत्येकाला भेटतोच. एकदा लाल दिसला की मग पोरं गवतात रात्रंदिवस हिंडायला मोकळी.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मोबाइलवर एका जपानी खेळात 'गाचा' फिरवतो. माझ्या फोनमधून परस्पर पैसे गेले. हा जुगार नाही तर काय? जपानसारख्या शिस्तीच्या देशात हे चालतं कसं? — एक आई, चिंचवड

आधी घरचं काम. फोनच्या ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा, आणि तो पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका. कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर काढून टाका. बाकीचं शांतपणे वाचलंत तरी चालेल.

गाचा म्हणजे पैसे देऊन पडद्यावरचा बंद गोळा फोडायचा, आत कुठलं पात्र निघेल ते नशिबावर. त्याची मुळं ज्यात आहेत त्या गोष्टी तशा निरुपद्रवी. स्टेशनाबाहेर ओळीने उभी असलेली यंत्रं असतात. नाणी घालायची, मूठ फिरवायची, गोळा पडतो, आत चिमुकलं खेळणं. कुठलं ते फोडेपर्यंत कळत नाही. मग नव्या वर्षाच्या फुकुबुकुरो, म्हणजे दुकानांच्या बंद पिशव्या. किंमत बाहेर छापलेली, आतला माल त्याहून जास्त किमतीचा असणार हा संकेत, पण काय ते घरी जाऊन बघायचं. मी एकदा चहाच्या दुकानाची पिशवी घेतली, त्यात उत्तम चहाचे तीन डबे निघाले आणि सोबत एक केशरी प्लास्टिकचं टोपलं, ज्याचा उपयोग मला अजून सापडलेला नाही. आणि तिसरी गोष्ट देवळातली ओमिकुजी. तोक्योत असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात १०० येन टाकायचे, पत्र्याचा षटकोनी डबा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावर आकडा. त्या आकड्याचा खण उघडून कागद घ्यायचा. आपल्याकडे जत्रेत पोपट चिठ्ठी काढतो तसंच, फक्त पोपटाऐवजी तुमचाच हात. पण पोपटाची चिठ्ठी कधी वाईट निघाल्याचं ऐकलंय? सेन्सोजीत शंभरातल्या ३० चिठ्ठ्या सरळ अशुभ आहेत. मला अशुभ आली तेव्हा शेजारच्या आजींनी कागद हातातून घेऊन घडी कशी घालायची ते दाखवलं आणि तिथल्या तारेला बांधायला लावला. वाईट ते देवळातच ठेवून जायचं, घरी न्यायचं नाही.

या तिन्ही गोष्टींना तळ आहे. पिशवी एक, ती संपते. यंत्रासमोर खिशातली नाणी संपतात. चिठ्ठी वाईट आली म्हणून भला माणूस डबा पंचवीस वेळा हलवत नाही. मोबाइलमध्ये तो तळच काढून टाकला. मूठ तीच, गोळा फुटतानाचा झगमगाट तोच, नव्या वर्षाच्या 'फुकुबुकुरो'सुद्धा तिथे मिळतात, फक्त थांबण्याची जागा नाही. माझा राग आहे तो यावर, गोळ्यावर नाही.

जपानात हे बिनबोभाट चाललं असंही नाही. २०१२ पर्यंत 'कॉम्प गाचा' नावाचा प्रकार होता. समजा सहा चित्रं जमवली की सातवं मोठं बक्षीस. ऐकायला सोपं वाटतं. पहिलं नवं चित्र पहिल्या फेरीतच मिळतं. पण पाच जमल्यावर सहाव्यासाठी सरासरी सहा फेऱ्या लागतात, सगळी मिळून सरासरी १४.७. आणि एखादं चित्र मुद्दाम दुर्मीळ ठेवलं की आकडा कुठल्या कुठे जातो. पाच जमल्यावर सोडवत नाही, तीच खरी मेख. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने बजावलं, की निरनिराळी चित्रं जुळवायला लावून बक्षीस देण्यावर आधीपासून जी बंदी आहे ती यालाही लागू होते. बातमी फुटताच ग्री आणि डीएनए या मोठ्या गेम कंपन्यांचे शेअर कोसळले.

पुढचा गोंधळ २०१६ च्या नववर्षाचा. ते माकडाचं वर्ष होतं. 'ग्रॅनब्लू फँटसी' या खेळात त्या निमित्ताने माकडवर्षाचं एक पात्र आलं. ते मिळवायला एका खेळाडूने सर्वांसमक्ष थेट प्रक्षेपणात सुमारे ७ लाख येन उडवले. ओरड झाली. त्याच वर्षी कंपनीने छत बसवलं: ३०० फेऱ्या झाल्या की हवं ते पात्र निवडा. छताची ही कल्पनाही पाचिस्लॉट या जुगारयंत्रांवरून उचललेली! ३०० फेऱ्या म्हणजे ९०,००० येन, आजच्या भावाने ५० हजार रुपयांच्या आसपास. छत आहे खरं, पण कुणाच्या उंचीचं?

मुलाशी बोलताना ओरडू नका, गणित करायला बसवा. नववीतल्या मुलाला शक्यतेचं गणित कळेल. खेळात कुठेतरी टक्केवारीचं पान असतं, ते त्यालाच शोधू द्या. सगळ्यात दुर्मीळ पात्र १ टक्का असेल, तर १०० फेऱ्यांत ते हमखास मिळेल असं त्याला वाटत असणार. प्रत्यक्षात १०० जणांनी प्रत्येकी १०० फेऱ्या फिरवल्या तर त्यातल्या साधारण ३७ जणांच्या हाती धुपाटणंच येतं. ३०० फेऱ्यांनंतरही पाच जण तसेच राहतात. तो म्हणेल, "मी त्या पाचांत नसेन." म्हणू द्या. आकडा डोक्यात राहतो.

जुगार की नाही, याला सरळ उत्तर देते. तिथला कायदा जुगार म्हणत नाही. मला विचाराल तर खाज तीच आहे.

प्रश्न : ऑगस्ट आला की आमच्या ऑफिसातले जपानी सहकारी भुताच्या घरात जायचे बेत करतात. भुताचे गेमही उन्हाळ्यातच काढून बसतात. मी एकदा त्यांच्याबरोबर खेळलो आणि खुर्चीवरून पडलो. उन्हाळ्यात भूत का? — निशी-कासाई, तोक्यो

अंगावर काटा आला की गार वाटतं, असं तिथले लोक अगदी गंभीरपणे सांगतात. ऑगस्टमध्ये ओबोन असतो, पितर घरी येतात, त्यामुळे वातावरणही तसंच. शिवाय काबुकी थिएटरांचा हिशेब होता. कोंदट उन्हाळ्यात बडे नट सुट्टीवर जायचे आणि प्रेक्षक फिरकायचे नाहीत. मग भुतांची आणि यांत्रिक करामतींची नाटकं लावायची. त्सुरुया नाम्बोकु चौथा याचं 'योत्सुया काइदान' १८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, उन्हाळ्यातच रंगमंचावर आलं. शेजाऱ्यांनी औषध म्हणून पाठवलेल्या विषाने चेहरा विद्रूप झालेली, नवऱ्याने दगा दिलेली ओइवा मरते आणि सूड घ्यायला परत येते. पुढच्या प्रयोगांत एक करामत भरली, ती आजही करतात. कागदी कंदील पेटतो, जळून त्याला भगदाड पडतं आणि त्या भोकातून ओइवा सरपटत बाहेर येते. प्रेक्षकांना कथा पाठ असते. कंदील लागला की ते सावरून बसतात. तरी दचकतात.

तुम्ही ज्यात पडलात तो खेळ कुठला ते लिहिलं नाहीत, पण १९९६ चा 'बायोहॅझार्ड' असेल तर कुत्र्यांचा बोळ असणार. शिंजी मिकामी यांच्या या खेळात, सुरुवातीच्या एका शांत बोळातून जाताना काचा फोडून कुत्रे आत झेपावतात. ठीक आहे, ही झाली साधी दचकवणी. खरी चलाखी २००२ च्या नव्या आवृत्तीत. जुने खेळाडू त्या बोळाशी येतात, पिस्तूल काढतात, पाऊल टाकतात... काचेला फक्त तडा जातो. कुत्रे येत नाहीत. निःश्वास टाकून पुढे जावं, आणि नंतर केव्हातरी त्याच बोळातून परतताना ते येतात. कंदील कुठला ते दाखवायचं आणि ओइवाला जरा थांबवून ठेवायचं.

माझा आवडता मात्र तेक्मोचा २००१ चा 'झेरो', बाहेर 'फेटल फ्रेम' म्हणून गेला. हत्यार म्हणून हातात फक्त जुना कॅमेरा. भुताचा फोटो काढायचा. लांबून काढला तर त्याला फारसं काही होत नाही. ते अगदी चौकटभर जवळ येईपर्यंत, हात पुढे करेपर्यंत थांबलात, तर एका क्लिकमध्ये घायाळ. सुटकेचं बटण हातात असून आपण होऊन ते दाबायचं नाही! दचकण्यापेक्षा ही वाट पाहणं कितीतरी वाईट. रात्री एकट्याने खेळू नका. खुर्ची हाताची घ्या.

प्रश्न : मी गेम डिझाइन शिकतो. सर म्हणाले, "मारिओच्या लेव्हल किशोतेन्केत्सुवर बांधतात." नेटवर वाचून डोकं चक्रावलं. उदाहरणाने सांगाल का? — विद्यार्थी, पुणे

किशोतेन्केत्सु म्हणजे चार पायऱ्यांची रचना: सुरुवात, विस्तार, वळण, समारोप. जपानी शाळेत हे शिकवताना वापरतात ते चार ओळींचं पद तुला देते. ते राई सान्यो या पंडिताच्या नावावर सांगतात, पाठभेद बरेच आहेत.

सूतवाल्याच्या दुकानी मुली दोन,
थोरली सोळा, धाकटी चौदा.
देशोदेशीचे सरदार मारतात धनुष्यबाणाने,
सूतवाल्याच्या मुली मारतात डोळ्यांनी.

पहिली ओळ विषय काढते, दुसरी तो पुढे नेते. तिसरीत एकदम सरदार कुठून आले? इथे वाचक अडखळतो. चौथी दोन्ही टोकं बांधून टाकते. भांडण नाही, खलनायक नाही, तरी धक्का आहे, आणि तो तिसऱ्या जागी आहे. जपानी वर्तमानपत्रांतली चार चौकटींची हास्यचित्रं याच चालीची. तरुणपणी शिगेरु मियामोतो यांना चित्रकथाच काढायच्या होत्या. 'सुपर मारिओ ३डी लँड' (२०११) चे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी ही चाल लेव्हल रचताना वापरतो असं उघड सांगितलंय.

'सुपर मारिओ ३डी वर्ल्ड' (२०१३) मधली 'केकवॉक फ्लिप' ही लेव्हल काढ आणि वही घेऊन बस. लाल-निळ्या फळ्या आहेत, मारिओने उडी मारली की त्या उलटतात. आधी त्या अशा जागी दिल्यात की चुकून पडलास तरी खाली जमीन आहे. मग जमीन काढून घेतली. तिसऱ्या टप्प्यात एक शत्रू आणला, जो जमिनीवर आपटून लाटेची कडी सोडतो. कडीवरून उडी मारावीच लागते, आणि उडी मारली की पायाखालची फळी उलटते! इतका वेळ उडी कधी मारायची हे तू ठरवत होतास, आता तो ठरवतो. नवी वस्तू एकच आली, पण जुन्या वस्तूचा अर्थ फिरला. शेवटी सगळं एकदा वापरून झेंडा.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये करून बघताना एक पथ्य पाळ. तिसऱ्या टप्प्यात दोन नव्या गोष्टी आणू नकोस. माझे विद्यार्थी निबंधात नेमकं हेच करतात, सरदार आणतात, हत्ती आणतात, पूरही आणतात, आणि मुली राहतात दुकानात.

प्रश्न : तुमच्या लेखात सगळंच जपानी संस्कृतीच्या खात्यावर जमा झालं. गोळ्यांची यंत्रं अमेरिकन, अचानक लढाया अमेरिकन. थोडं जास्त होतंय का? — मडगाव, गोवा

यंत्रं अमेरिकेतून आली, १९६५ च्या सुमाराला, हे बरोबर. 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) मध्ये चालता चालता अचानक उद्भवणाऱ्या लढाया युजी होरी यांनी 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या अमेरिकन खेळांवरून घेतल्या, हेही त्यांनीच सांगितलंय. किशोतेन्केत्सु तर चिनी कवितेतून आलं. आणि म्यूच्या मागे संस्कृती किती आणि ३०० बाइट किती, असं विचारलंत तर मी बाइटांच्या बाजूने मत देईन.

पण च्युइंग गमच्या गोळ्या देणाऱ्या यंत्रात आत काय आहे हे काचेतून दिसतं, आणि कुठला रंग येतो याची फारशी कुणाला पडलेली नसते. तेच यंत्र जपानात गेल्यावर गोळ्यावर झाकण आलं, आतल्या खेळण्यांचे संच झाले, क्रमांक पडले, कुठला राहिला याची यादी आली. आलेल्या वस्तूचं पुढे काय केलं, मला त्यात रस आहे. बटाटा आणि मिरची दोन्ही परदेशी. तुमच्या गोव्यातूनच आमच्याकडे आली असतील.

प्रश्न : (नाशिकच्याच पत्रात, वेगळ्या अक्षरात) घड्याळ पुढे करून फटाके आजच बघितले तर चालेल का? आजीला सांगू नका. — नात

चालेल. यंत्राची तारीख बदलली की गावात तोच दिवस उजाडतो, कुणी अडवत नाही. फक्त रविवारी सकाळी सलगम विकत घेतले असशील तर सांभाळ. ते शनिवारपर्यंत विकायचे असतात, रविवार उजाडला की नासतात. आणि तारीख मागे फिरवलीस तरीही नासतात. तू ऑगस्टमधून परत येणारच, तेव्हा आधी सलगम विकून टाक, मग फटाके.